तळटीप ७ : निओस्टिग्मिनसोबत ॲट्रोपिन का?

७. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात उसाच्या रानात काम करणाऱ्यांना नाग, मण्यार चावण्याची भीती कायम असते, नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावरील उपचारांसाठीच ओळखले जातात. नागाचे विष स्नायूंवरच्या ॲसिटिलकोलिनच्या रिसेप्टरांना चिकटते. पापण्या मिटतात, मग श्वास अडखळतो. निओस्टिग्मिनमुळे ॲसिटिलकोलिनचे विघटन थांबते, साठा वाढतो आणि विषाने अडवलेल्या जागांसाठी ते झगडू लागते. पण हा साठा शरीरभर वाढतो : लाळ सुटते, हृदयाचे ठोके मंदावतात. हे परिणाम दुसऱ्या जातीच्या रिसेप्टरांमार्फत होतात आणि ॲट्रोपिन नेमके त्यांनाच अडवते. स्नायूंवरच्या रिसेप्टरांना ते धक्का लावत नाही. रुग्णाचा जीव या भेदावर तोललेला असतो.

हा भेद हेन्री डेल यांनी १९१४ मध्ये दाखवला. रिसेप्टर तेव्हा कोणी वेगळे काढलेले नव्हते. तंबाखूतल्या निकोटिनसारखा परिणाम कुठे दिसतो आणि अळंबीतल्या मस्करिनसारखा कुठे, एवढ्यावरून दोन गट पडले. केवळ औषधांच्या वागणुकीवरून केलेले हे अनुमान पुढे जनुकांच्या अभ्यासातही टिकले, ही मोठीच गोष्ट. मस्करिनी गटात आज एम१ ते एम५ असे पाच उपप्रकार मानतात. हृदयात प्रामुख्याने एम२, लाळग्रंथींत एम३.

मण्यारीचे विष मात्र मुख्यतः मज्जातंतूचे टोकच निकामी करते, म्हणून तिथे निओस्टिग्मिनचा उपयोग सहसा होत नाही. प्रतिसर्पविष दोन्ही दंशांत लागते, तेही लवकर. — संपा.