मतमाउलीची यात्रा आणि परिच्छेद तीन

हिंगोलीकडच्या माणसाला यात्रा म्हटलं की औंढा नागनाथ आठवतो, नामदेवांची नर्सी आठवते, हिंगोलीचा दसरा आठवतो. हरेगाव आठवत नाही. गेल्या सप्टेंबरात शेजारच्या एका ख्रिस्ती कुटुंबासोबत मी हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाऊन आलो. आल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, तुम्ही कशाला गेलात तिकडं?" उत्तर जरा लांब आहे म्हणून इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा.

हरेगाव हे अहिल्यानगर (जुनं अहमदनगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यातलं गाव. आमच्याकडून जायचं तर जालना, छत्रपती संभाजीनगर करत कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडायची आणि नेवाशाकडे वळायचं. तोच नेवासा, जिथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आपण ज्ञानोबांना माउली म्हणतो, विठोबाला माउली म्हणतो. आणि नेवाशापासून फार लांब नसलेल्या या गावात येशूची आई मरियाही माउलीच आहे. मुंबईत वांद्र्याच्या डोंगरावरच्या मरियेला कोळी लोक 'मोत माउली' म्हणतात, इथली ती मतमाउली. दोन्हीकडे निमित्त एकच: ८ सप्टेंबर, मरियेचा जन्मदिवस.

हरेगावची ओळख आधी साखरेची होती. प्रवरेचे कालवे आले, १९२६ ला भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं आणि दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. त्याच सुमारास बेलापूर कंपनीने शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने घेऊन इथे साखर कारखाना काढला. प्रवरानगरचा सहकारी कारखाना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९५० मध्ये सुरू झाला. कंपनी खाजगी आणि मळे अफाट, त्यामुळे मजूर भरपूर लागायचे. आजूबाजूच्या खेड्यांतून जे आले त्यात महार, मांग कुटुंबं मोठ्या संख्येने होती आणि त्यातली बरीच ख्रिस्ती झालेली होती. या कष्टकऱ्यांच्या वस्तीत संत तेरेजाचं चर्च उभं राहिलं आणि १९४९ पासून मतमाउलीची यात्रा भरू लागली.

पुढे कमाल जमीन धारणा कायदा आला, कंपनीची जमीन शेती महामंडळाकडे गेली, कारखाना बंद पडला. खंडकरी शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या लढा दिला तेव्हा कुठे त्यांच्या जमिनी परत मिळू लागल्या. ते योग्यच झालं. पण बघा, खंडाची जमीन ज्याच्या नावावर होती त्याच्याच वारसाला परत मिळणार. ज्याच्या नावावर कधी वावरच नव्हतं, ज्याने नुसता ऊस तोडला, त्याचं नाव या हिशोबात कुठून येणार? यात्रेला येणारी बरीचशी माणसं याच दुसऱ्या रांगेतली आहेत.

आता यात्रेविषयी. मनात गोव्याच्या चर्चचं चित्र असेल तर ते बाजूला ठेवा. फाट्यापासून चिखल, उसाच्या कडेने चालणारी माणसं, टेम्पो, एसटी, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, गळ्यात जपमाळ. नवस बोललेले अनवाणी चालतायत. रेवड्या, शेव, पाळणे, प्लास्टिकची खेळणी, सगळं आपल्या जत्रेसारखंच. हातात मात्र नारळाऐवजी मेणबत्ती. मांडवात मिस्सा मराठीत, प्रवचन मराठीत, गाणी मराठीत. पेटी, तबला आणि टाळ! डोळे मिटले तर सप्ताहात बसल्यासारखं वाटतं. उगाच नाही, फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाचं ख्रिस्तपुराण १६१६ सालचं आहे आणि ते ओवीत आहे. मराठी ख्रिस्ती माणूस चारशे वर्षांपासून देवाशी ओवीतच बोलतोय.

रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका बाईंना विचारलं, "मावशी, कुठून आलात?" म्हणाल्या, "जालन्याकडून, बाबा. दरसाल येतो. माउली बोलावती."

नावं ऐकत होतो. पौलस, शांतवन, मरियाबाई, याकोब. आडनावं मात्र साळवे, गायकवाड, पठारे, कांबळे. देव बदलला, आडनाव तेच राहिलं. आणि आडनावासोबत गावातली जागाही तीच राहिली, गावकुसाबाहेरची.

ही माणसं ख्रिस्ती कशी झाली? नगरला अमेरिकन मिशन १८३१ पासून होतं, ते प्रोटेस्टंट. कॅथलिक फादर नगरच्या खेड्यांत शिरले ते १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या सुमारास. ते जर्मन जेझुइट. गोदावरी ही तेव्हा सरहद्द होती: पलीकडे इंग्रज, अलीकडे आपला निजाम. निजामाच्या हद्दीत संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे फ्रेंच मिशनरी आले. नदी एक, दोन्ही काठांवरच्या वस्त्या एकाच जातीच्या, फादर मात्र एकीकडे जर्मन आणि दुसरीकडे फ्रेंच. पुढे पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे म्हणून इंग्रजांनी या जर्मन फादरांना स्थानबद्ध केलं, देशाबाहेर पाठवलं. वस्त्या तिथेच राहिल्या. त्यांनी धर्म सोडला नाही.

"पोटासाठी बाटले" हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. दुष्काळात धान्य मिळालं, हे खरंच आहे. ते नाकारायचं कारण नाही. पण नुसतं धान्यच असतं तर पाऊस पडल्यावर सगळे परत आले असते. धान्यासोबत शाळा मिळाली. पाटी मिळाली. शिवता येणार नाही असं ज्याला गाव सांगत होतं, त्याच्या डोक्यावर कुणीतरी हात ठेवला. ज्याला देवळाच्या पायरीपर्यंत येऊ दिलं नाही, त्याने दुसरा उंबरा शोधला तर त्याला दोष कसा द्यायचा?

इथे मला आमचं औंढा आठवतं. नामदेव औंढ्याला नागनाथापुढे कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना हीन जातीचे म्हणून देवळामागे जायला सांगितलं. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी मागच्या बाजूला का, तर त्यामुळे, असं आमच्याकडे लहान पोरही सांगतं. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यातही ही देऊळ फिरल्याची हकीगत येते. म्हणून तर पंजाबातले भाविक आमच्या नर्सीला येतात, गुरुद्वारा बांधतात. ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो. अर्थ काय तिचा? हाकललेल्या माणसाकडे देव तोंड करतो.

देवाचं झालं. आता सरकारी कागदाचं बघू.

१० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्याचा परिच्छेद तीन सांगतो की हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले. १९९० मध्ये बौद्ध आले. दोन्ही दुरुस्त्या न्याय्यच होत्या. ख्रिस्ती आणि मुसलमान मात्र अजूनही बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. ख्रिस्ती आदिवासी आदिवासीच राहतो, पण ख्रिस्ती महार किंवा मांग कायद्याने महार-मांग राहत नाही. महाराष्ट्रात त्याला ओबीसीत धरतात. गाव मात्र त्याला ओबीसी म्हणून वागवत नाही.

हे फक्त नोकरीपुरतं नाही. राखीव मतदारसंघ त्याला नाही. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण अनुसूचित जाती-जमातींना आहे. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ख्रिस्ती झालेल्या एका फिर्यादीला ते नाकारलं. म्हणजे मारणारा जात बघून मारतो आणि कायदा धर्म बघून दार लावतो. याचा परिणाम काय होतो ते यात्रेतच कळलं. एक निवृत्त शिक्षक हळू आवाजात म्हणाले, "आमच्यात दोन वह्या असतात सर. एक चर्चची, एक शाळेची." शाळेच्या दाखल्यावर हिंदू, चर्चच्या वहीत ख्रिस्ती. लेकराच्या शिष्यवृत्तीसाठी बाप देव लपवतो. कुणीही धर्माचा असा अपमान स्वतःहून करून घेत नाही, त्याला तसं करायला भाग पाडलं जातं.

कोर्टकचेरी जुनी आहे. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की धर्मांतरानंतरही जातीची पीडा तितकीच तीव्र राहते हे दाखवावं लागेल. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने परिच्छेद तीन काढून टाका अशी शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला, दोन वर्षांची मुदत दिली, मग ती वाढवली. २००४ साली याचिका दाखल झाली तेव्हा जन्मलेलं पोर आता मतदान करतं.

विरोधातला मुद्दाही नीट ऐकला पाहिजे. पहिला: "तुमच्या धर्मात जात नाही म्हणता, मग जातीची सवलत का मागता?" हा प्रश्न चर्चलाही बोचला पाहिजे. २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी स्वतःच कबूल केलं की चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो आणि वरच्या पदांवर दलित फार थोडे आहेत. पहिले दलित कार्डिनल व्हायला २०२२ उजाडलं. म्हणजे ख्रिस्ती धर्मात जात नसेल, ख्रिस्ती समाजात आहे. दुसरा मुद्दा आमच्या बौद्ध आणि मातंग मित्रांचा: राज्यात १३ टक्के जागा, त्यात आणखी वाटेकरी कशाला? ही भीती खोटी नाही. पण त्याला वाट आहे. उपवर्गीकरण करता येतं असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलंय. लोकसंख्येप्रमाणे वेगळा हिस्सा ठेवा, मर्यादा वाढवा, यावर भांडू. मात्र ॲट्रॉसिटीच्या संरक्षणात वाटणी कसली? एकाला संरक्षण दिलं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही. किमान तेवढं तरी उद्या करता येईल.

माझं म्हणणं साधं आहे. सवलत जातीच्या जखमेवर आहे. मग जखम आहे का एवढंच बघा, जखमी माणूस कुठल्या देवाला हात जोडतो हे बघू नका. ती जखम आहे की नाही हे दिल्लीत बसून कळत नसेल तर आयोगाने सप्टेंबरात हरेगावच्या मांडवात यावं. तिथे हजारो साक्षीदार आपापल्या खर्चाने, चिखल तुडवत, दरसाल येतात. कुणाच्या गावात दफनभूमीला जागा नाही, कुणाला अजून वेगळ्या पाणवठ्याच्या आठवणी आहेत. विचारलं तर सांगतात. सहसा कुणी विचारत नाही.

देऊळ फिरल्याची गोष्ट आम्ही हिंगोलीकर सातशे वर्षं सांगत आलोय. कागद फिरवायला तर चमत्कारही लागत नाही, संसदेतली एक दुरुस्ती पुरते. १९५६ ला झाली, १९९० ला झाली. तिसऱ्यांदा का नाही, याचं उत्तर आपल्या खासदाराला एकदा विचारून बघा. आणि कमेंटमध्ये "बाटगे" वगैरे लिहिण्याआधी आपल्याच गावातल्या एखाद्या ख्रिस्ती घरी चहाला जाऊन या. घर कुठे आहे ते विचारावं लागणार नाही. गावाच्या कडेलाच असेल.