ठरवून लिहिलेली किंमत

जळगाव जिल्ह्यातल्या पहूरहून दक्षिणेला निघालेला रस्ता अजिंठ्याच्या डोंगराकडे जातो. याच मुलखात रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ नंतर लेण्यांतल्या चित्रांच्या तैलरंगी प्रतिकृती करायला घेतल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेल्या. १८७२ साली मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा लेण्यांत आले. तेरा वर्षे काम चालले, पण त्यातल्याही बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. तरीही गिलचे काम दुसऱ्यांदा हाती घेता आले, कारण मूळ चित्रे लेण्यांत टिकून होती.

घरातल्या छंदाच्या संग्रहाला असा मूळ आधार नसतो. पाचोरा–जामनेर ही छोटी गाडी २०२० साली थांबली. तिची पुठ्ठ्याची तिकिटे, पहूर स्टेशनचे नाव छापलेली, कोणी जपून ठेवली असतील तर ती पुन्हा छापून मिळणार नाहीत. जिनिंगमधला कापूस जळाला तर त्या दिवसाचा भाव बाजार सांगतो. जळगावच्या सराफ्यात सोन्याचे वजन करून हिशेब होतो. तिकिटावर छापलेल्या दोन-चार रुपयांना मात्र काही अर्थ उरलेला नसतो. अशा वस्तूचे नुकसान मोजायचे कसे, हा संग्रहाच्या विम्यापुढचा मूळ प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर समुद्रावरून आले.

विम्याचा सर्वांत जुना ज्ञात करार जिनोआचा, १३४७ सालचा, जहाजी व्यापारातला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर याच गरजेतून जोखमी हुंडी चालत आली. माल पाठवणारा त्या मालावर हुंडी लिही आणि सावकार ती विकत घेई. माल सुखरूप बंदराला लागला तर हुंडीचे पैसे मिळत. जहाज बुडाले तर हुंडीही बुडे आणि नुकसान सावकाराचे. जोखमीचा आकडा माल निघण्याआधीच कागदावर आलेला असे. समुद्राच्या तळाशी गेलेल्या मालाची किंमत नंतर कोणी ठरवायची, हा वादच उरत नसे. पुढे विलायतेत जहाजी विम्याच्या कायद्याने हेच तत्त्व पक्के केले. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही ते आहे: पॉलिसीत ठरवून लिहिलेली किंमत, लबाडी नसेल तर, दोन्ही पक्षांना बांधून ठेवते.

आगीच्या विम्याचा स्वभाव वेगळा. १६६६ च्या आगीत लंडन जळाल्यावर तो रुजला, आणि त्याची नजर इमारत, गोदाम, विकाऊ माल यांवर राहिली. नुकसान झाल्यावर बाजारभावाने मोजणी करायची, वापराची घट वजा करायची, ही त्याची रीत. त्यात सरासरीचे कलम आले. चार लाखांच्या मालाचा विमा दोन लाखांचा काढला आणि एक लाखाचा माल जळाला, तर हातात पन्नास हजारच पडतात. घरफोडीचा विमा त्याहून उशिराचा. १८८० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारात कथबर्ट हीथ यांनी तो सुरू केला. जवाहिऱ्यांचा माल दुकानात आणि प्रवासातही सांभाळणारी पॉलिसीही त्यांचीच. संग्राहकाच्या गरजेच्या सर्वांत जवळ पोचलेली शाखा हीच.

भारतात विम्याचा हा आधुनिक धंदा आधी परदेशी कंपन्यांच्या हातून आला. १९१९ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांनी न्यू इंडिया ही कंपनी काढली. दोराबजी स्वतः मोठे संग्राहक होते, त्यांच्या कलावस्तू पुढे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला मिळाल्या. १९७३ मध्ये साधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभरावर कंपन्या चार सरकारी कंपन्यांत गोळा झाल्या. आगीच्या पॉलिसीत मात्र एक जुनी ओळ टिकून राहिली. हस्तलिखिते, दस्तऐवज, टपालाची तिकिटे, नाणी यांचे नुकसान, पॉलिसीत स्पष्ट लिहिले नसेल तर, भरून मिळणार नाही. माणसे हौसेने जमवतात त्याच वस्तूंची ही यादी आहे. आपला घराचा विमा आहे म्हणजे नाण्यांचाही आहे, असे समजून बसलेल्या प्रत्येकाने ही ओळ वाचलीच पाहिजे.

१ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत समुद्र, आग आणि घरफोडी या तिन्ही शाखा एकत्र दिसतात. कमी रकमेचा विमा काढला म्हणून भरपाई कापण्याची जुनी रीत तिने सोडली. आगीच्या वारशातून नाणी आणि हस्तलिखिते वगळण्याचे कलम आले, तेही ‘स्पष्ट लिहिले नसेल तर’ या अटीसह. चोरीचा भाग तोकडा आहे: आग किंवा पुरासारखी घटना घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांत चोरी झाली, तरच भरपाई. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. आणि चित्रे, कलावस्तू, जुन्या दुर्मीळ वस्तू यांच्यासाठी जादा हप्ता भरून आधी ठरवलेल्या किमतीचे संरक्षण घेता येते. एकूण रक्कम पाच लाखांच्या आत आणि एकेक वस्तू एक लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखलाही लागत नाही. समुद्राचे तत्त्व इथे घरातल्या कपाटापर्यंत पोचले आहे.

हे तत्त्व संग्राहकाकडून एक काम मागते: यादी. प्रत्येक वस्तूचे वर्णन, फोटो, कधी आणि कितीला घेतली, आज जाणकार तिला किती देतील. नाणी, तिकिटे आणि जुने कागद यांचा नावानिशी उल्लेख पॉलिसीत हवा. यादीची एक प्रत घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला हवी, कारण संग्रहाबरोबर जळणारी यादी दावा करताना उपयोगी पडत नाही. दर दोन-तीन वर्षांनी किमती नव्याने पाहायला हव्यात.

विमा हरवलेली वस्तू परत आणत नाही. पण किंमत आधी लिहून ठेवताना मालक आपला संग्रह पहिल्यांदा नीट पाहतो, काय दुर्मीळ, काय साधे, हे स्वतःशी ठरवतो. खेड्यातल्या लोखंडी कपाटातल्या संग्रहालाही मोठ्या संग्रहालयाइतक्याच काळजीचा हक्क आहे, आणि ती काळजी या यादीपासून सुरू होते.