पालव्याला चला, शिधा घेऊन

टोपली घट्ट धरा. आत दुधाच्या बाटल्या आहेत आणि मागून रेटा वाढतोय. तुम्ही पालव्याच्या बंदरावर, गेटवेच्या कमानीजवळ उभे आहात. 21 फेब्रुवारी 1946, दुपारची वेळ. फरशी तापलीय. खाऱ्या वाऱ्यात बोटींच्या तेलाचा, घामाचा आणि शेजारच्या बाईंनी फडक्यात बांधून आणलेल्या चपात्यांचा वास मिसळलाय. कुणी कोपर मारलं तर रागावू नका. त्याच्याही हातात केळ्यांचा घड आहे, आणि त्यालाही तुमच्यासारखंच पुढे पोचायचंय.

फोर्टाच्या बाजूने आवाज येतोय, ते फटाके नव्हेत. टाउन हॉलमागच्या कॅसल बॅरॅक्समध्ये सकाळपासून गोळीबार चाललाय. आतले हिंदी नौसैनिक आणि बाहेरचं गोरं सैन्य समोरासमोर आहेत. बॅरॅक्सचं अन्नपाणी सरकारने तोडलंय. इथे एवढी गर्दी लोटली ती त्यासाठीच. आपली पोरं उपाशी आहेत हे कळल्यावर मुंबईला घरात बसवलं नाही.

भांडणाची ठिणगीही जेवणाच्या ताटातच पडली होती. जरा तीन दिवस मागे, कुलाब्याला ‘तलवार’च्या भोजनगृहात या. नाव जहाजाचं असलं तरी ही जमिनीवरची शाळा आहे, बिनतारी संदेशांचं काम शिकवणारी. समोर पाणीदार डाळ आणि पाव. भाताचा घास घ्याल त्या दिवशी जपून चावा, खडे लागतात. वर अधिकाऱ्यांच्या शिव्या. कमांडर किंग ज्या भाषेत या पोरांना हाका मारी, ती इथे लिहिण्याजोगी नाही. भिंतींवर ‘चले जाव’ लिहिल्याबद्दल बलाईचंद दत्त नावाच्या तरुणाला आधीच पकडलंय. आणि त्या सकाळी बाकं मागे सरकली, थाळ्या तशाच राहिल्या. जेवण नाही, तर काम नाही! बघता बघता हे लोण बंदरातल्या जहाजांवर गेलं, पुढे कराचीपर्यंत. संपाच्या समितीचे अध्यक्ष खान, उपाध्यक्ष मदन सिंग. पाण्याकडे नजर टाका: जहाजांच्या डोलकाठ्यांवरून ब्रिटिश निशाण उतरलंय, आणि काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा नि कम्युनिस्टांचा लाल बावटा एकत्र फडकताहेत.

आल्या बघा बोटी! पांढऱ्या गणवेशातली पोरं धक्क्याला लागताहेत. विशीच्या आतबाहेरची, डोळे तांबारलेले, ओठ सुकलेले. आरडाओरडा शिगेला पोचतो. ‘इकडे, इकडे द्या!’ पाव, फळं, भाजी, दूध, जे हाताला लागेल ते डोक्यांवरून पुढे सरकतंय. हॉटेलवाले आपली दारं उघडी टाकून म्हणताहेत, लागेल ते न्या. खिशात हात घालू नका, पैसे कुणी घेणार नाही. आणि रेशनचे दिवस आहेत हे विसरू नका. त्या चपात्यांचं पीठ बाईंनी रांगेत उभं राहून आणलंय. आज घरी कुणाच्या तरी ताटात कमी पडणार आहे. या सगळ्या लढ्यात मला सर्वात मोठी वाटते ती ही गोष्ट.

आता बंदुकधारी हिंदी शिपायाजवळ जा. घाबरू नका. त्याला पहाऱ्यावर ठेवलंय. तो इकडेतिकडे बघतो, बंदूक पाठीला अडकवतो आणि तुमच्या टोपलीची दुसरी कड धरतो. ‘चला, उचला.’ दोघं मिळून ती बोटीत उतरवता. बोटीतला पोरगा बाटली तोंडाला लावतो, अर्धी पितो, उरलेली मागच्याला देतो. तुमच्याकडे बघून हसायलाही त्याला सवड नाही. पुढची टोपली आलीय.

उद्या गिरणगावात जायचं तर पायीच जावं लागेल. गिरण्या बंद, ट्रॅम बंद, दुकानं बंद. लालबाग-परळच्या रस्त्यांवर दगडांचे अडथळे आणि लष्कराच्या गाड्या. चाळींच्या तोंडाशी उभ्या माणसांवरही गोळ्या झाडतात. परळला कमल दोंदे यांना गोळी लागली आणि त्या गेल्या. कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी शिरली. त्या दोन-तीन दिवसांत दोनशेहून जास्त मुंबईकर मेले. त्यातले बहुतेक ना नौदलातले होते, ना कुठल्या पक्षाचे पुढारी.

परवा पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून संप मागे घेतला जाईल. पालव्यावर ज्यांना तुम्ही दूध दिलंत, त्यांच्यातल्या कित्येकांना पकडून मुलुंडच्या छावणीत डांबतील, मग नोकरीतून काढून गावी धाडतील. पुढच्याच वर्षी स्वातंत्र्य आलं. तरी काढलेल्या त्या पोरांना ना भारताच्या नौदलाने परत बोलावलं, ना पाकिस्तानच्या.