रणगाड्याखालचा इंजिनियर

मालवणहून किनारा धरून दक्षिणेला गेलं, की गोवा ओलांडल्यावर कारवार लागतं. तिथल्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे १९४० साली बॉम्बे इंजिनियर्समध्ये भरती झाले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले.

एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे निघालेले रणगाडे वाटेत अडले. रस्त्यात सुरुंग, आडवी पाडलेली झाडं, उडवलेल्या मोऱ्या आणि टेकड्यांवरून गोळीबार. तिकडे राजौरीत कत्तल सुरू होती. एकेक तास मोलाचा होता.

८ तारखेच्या माऱ्यात राण्यांचे दोन जवान गेले, ते स्वतःही जखमी झाले. तरी ते थांबले नाहीत. पुढच्या रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत त्यांनी सुरुंगांतून वाट काढली. झाडं हटवली, मोऱ्यांना वळसा घालून रस्ता केला. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोचलं.

परमवीर चक्र त्यांना हयातीत मिळालं, तेही शत्रूचं ठाणं जिंकल्याबद्दल नव्हे, तर रस्ता मोकळा केल्याबद्दल. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले, १९९४ मध्ये वारले. कारवारच्या किनाऱ्यावर युद्धनौका संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. गोव्याच्या पुढे कधी गेलात, तर दोन मिनिटं तिथे थांबा.