सहा स्वारांची नावे

एम. ए. इतिहासाच्या मुलांना लघुप्रबंध लिहावा लागतो. बहुतेक मुले माझ्याकडे विषय मागायला येतात. ही मुलगी विषय घेऊनच आली. नेसरी भागातल्या एका वाडीतली. कागदावर शीर्षक होते, 'प्रतापरावांसोबत नेसरीत पडलेले सहा वीर'. खाली सुवाच्य अक्षरात नावे : विसाजी बल्लाळ, दीपाजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल, विठोजी शिंदे.

"उत्तर तर तू लिहूनच आणलंस. मग शोधायचं काय?" मी विचारले.

"पुरावा, सर."

लघुप्रबंधांची निम्मी दुखणी या एका शब्दात असतात. उत्तर आधी ठरवून पुरावा गोळा करायला निघालेला विद्यार्थी वकिली करतो, संशोधन करत नाही. हे मी तिला ऐकवले, आणि लगेच स्वतः तीच चूक केली. म्हणालो, "सात हा आकडा मला कथेतला वाटतो. सप्तर्षी, सात समुद्र, साती आसरा. कुसुमाग्रजांची कविता, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज, यांनी तो घरोघरी नेला. हा आकडा केव्हा जन्मला ते शोध." विज्ञाननिष्ठ सल्ला दिल्याच्या समाधानात मी चहा मागवला. तिने मान डोलावली. पण चेहरा पडला होता. तिच्या घरचे महाशिवरात्रीला नेसरी–कानडेवाडीच्या स्मारकावर न चुकता जाणारे. 'सात खोटे' असे लिहून ती घरी कशी जाणार, हा विचार तेव्हा माझ्या मनातही आला नाही.

कामाची पद्धत मात्र आम्ही नीट ठरवली. आधी ग्रंथ वाचायचे नाहीत, आधी तक्ता करायचा. ज्याने ज्याने नेसरीबद्दल लिहिले त्याच्यापुढे पाच रकाने : कधी लिहिले, कुठे बसून लिहिले, कोणासाठी लिहिले, त्याला कसे कळले, आणि त्याने काय सांगितलेले नाही. शेवटचा रकाना मुलांना विचित्र वाटतो. त्यांना जे लिहिले आहे तेच दिसते.

पहिली नोंद सभासदाची. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली, लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी. उमराणीला (आजच्या जत तालुक्यात) एप्रिल १६७३ मध्ये प्रतापरावांनी बहलोलखानाला कोंडून सोडून दिले, महाराज संतापले, त्यांनी कडक शब्दांत जाब विचारला, ही हकिगत त्याचीच. महाराजांचा तो जाब आपल्याला भेटतो तो सभासदाच्या शब्दांत, हे आपण विसरतो आणि समोर अस्सल पत्रच असल्यासारखे बोलतो. नेसरीबद्दल तो म्हणतो की मोठे युद्ध झाले आणि सरनोबत पडले. काही छापील प्रतींत गावाचे नावही 'जेसरी' असे आहे. सात नाहीत, सहा नाहीत, नावेही नाहीत. मोठे युद्ध म्हणजे दोन्हीकडे फौजा आल्याच. मी मनातून खूश झालो.

महिनाभराने ती आली ती शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली छापलेल्या इंग्रजी पत्रांच्या संग्रहातून केलेली टिपणे घेऊन. दारातूनच म्हणाली, "सर, सहा आहेत."

नारायण शेणवी हा ईस्ट इंडिया कंपनीचा दुभाष्या. पुढे राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेनबरोबर रायगडावर होता तोच. त्याआधी, ४ एप्रिल १६७४ रोजी, त्याने रायगडाहून मुंबईला पत्र पाठवले. त्यात इतर बातम्यांबरोबर हीही आहे : दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव मारले गेले, त्यांच्यासोबत आणखी सहा स्वार, बाकीच्या फौजेची मदत त्यांना झाली नाही.

लढाई झाली २४ फेब्रुवारीला. म्हणजे ३९ दिवसांनी, मराठ्यांच्या राजधानीत बसून, मराठा नसलेल्या धन्यासाठी लिहिलेला मजकूर. आमच्या तक्त्याचे पाचही रकाने एका पत्राने भरले. नारायण लढाईत नव्हता, त्याने गडावर ऐकले. पण त्याला शौर्यकथा रचायचे कारण नव्हते. १६७३ मध्ये मराठी फौजेने हुबळी लुटली तेव्हा कंपनीचाही माल गेला होता. नुकसानभरपाईची घासाघीस चालू होती. कोणता सेनापती आहे, कोणता गेला, ही त्याच्या धन्यांच्या कामाची बातमी होती. म्हणून त्याचे वाक्य कोरडे आहे, आणि म्हणूनच मला ते फार मोलाचे वाटते.

माझे गृहीतक त्या वाक्याने मोडले. सात हा आकडा कवीचा नव्हता, लोककथेचाही नव्हता. मी संशयाला पुरावा समजत होतो. तिने श्रद्धेला पुरावा समजण्यात आणि माझ्या करण्यात फारसा फरक नव्हता. मी तसे तिला सांगितले. मार्गदर्शकाने हे सांगायची चाल आपल्याकडे नाही, त्यामुळे ती जरा गोंधळली.

तारखेची गंमत तिनेच पकडली. जेधे शकावलीची तिथी शके १५९५, माघ वद्य १४, म्हणजे महाशिवरात्र. पण आजच्या कॅलेंडरच्या हिशोबाने मागे मोजत गेले तर २४ फेब्रुवारी १६७४ ला शिवरात्र येत नाही, ती ६ मार्चला येते. तीन दिवस ती आकडेमोड करत होती. उलगडा साधा आहे. आपल्या इतिहासग्रंथांतली २४ फेब्रुवारी ही जुन्या, ज्यूलियन पद्धतीची तारीख आहे. इंग्रज १७५२ पर्यंत तीच वापरत. गोव्याचे पोर्तुगीज १५८२ नंतर नव्या पद्धतीवर गेले होते, आणि सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे मुंबईकर इंग्रज आणि गोव्याचा पोर्तुगीज एकाच मंगळवारी दोन वेगळ्या तारखा घालत होते. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदले, त्यामुळे त्यांच्या फेब्रुवारी १६७४ च्या कागदावर १६७३ साल दिसू शकते. पत्रांचा क्रम लावताना हे ध्यानात ठेवले नाही तर परिणाम आधी आणि कारण नंतर, अशी उलटापालट होते. तिने यावर चार पाने लिहिली. प्रबंधातली ती मला सर्वांत आवडती पाने. परीक्षकांनी बहुधा चाळली असावीत.

मग आम्ही नेसरीला गेलो. गडहिंग्लज तालुक्यातले हे गाव, घटप्रभेचे खोरे. कागदातले 'दोन डोंगर' जमिनीवर कसे दिसतात हे पाहिल्याशिवाय लढाईवर लिहू नये, एवढाच माझा आग्रह. स्मारकाजवळ एक म्हातारे गृहस्थ गुरे राखत होते. तिने पद्धतशीर प्रश्नावली काढली : ही कथा तुम्ही प्रथम कोणाकडून ऐकली, नावे कोणती ऐकली, वगैरे. त्यांनी दोन उत्तरे दिली आणि तिसऱ्याला उलटा प्रश्न टाकला.

"सात गेलं म्हंतासा. मग बाकीची फौज काय करत हुती?"

परतीच्या एस. टी.त ती काही बोलली नाही. गडहिंग्लज आल्यावर म्हणाली, "सर, विषय बदलायचा."

बदलला. सहा वीरांचे चरित्र गेले. त्या जागी दोन प्रश्न आले : सरनोबत फौजेपासून तुटले कसे, आणि सहा नावे कथेत केव्हा शिरली. पहिल्यावर सभासद गप्प आहे आणि नारायण एक वाक्य बोलतो. मराठी परंपरेने त्या वाक्यातले 'मदत झाली नाही' गाळले आणि 'सहा' ठेवले. दरबारी बखरकाराला अडचण होईल अशीच ती बाजू होती. परक्याच्या दुभाष्याला ती लपवायची गरज नव्हती.

नावांचा तपास अधिक रखडला. सभासदात ती नाहीत, नारायणाच्या पत्रात नाहीत. मात्र त्यांतले काही सरदार आदल्या वर्षीच्या उमराणीच्या मोहिमेच्या वर्णनांत भेटतात. तिने मांडलेले अनुमान असे : दोन्ही लढाया प्रतापरावांच्या, दोन्ही बहलोलखानाशी, मध्ये एक वर्षही नाही, नंतरच्या कोणीतरी उमराणीची यादी नेसरीच्या रिकाम्या जागी बसवली. हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे, असे तिने लिहिले. आदिलशाही बाजूच्या फारसी साधनांसाठी आपल्याला भाषा येत नाही, हेही मर्यादांच्या प्रकरणात कबूल केले. मुले ते प्रकरण शेवटच्या रात्री, कुठूनतरी उतरवून लिहितात. तिचे खरे होते.

तरी एका संध्याकाळी ती वही मिटून बसली. "घरी काय सांगू? आबा दर शिवरात्रीला ही नावं घेऊन नारळ फोडतात." माझ्याकडे उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो की आकडा गावाचा बरोबर निघाला आणि मास्तराचा चुकला, हे आधी सांग.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "म्हणजे सिद्दी हिलाल तिथे नव्हता, असं तुमचं म्हणणं?"

"नव्हता असंही लिहिलेलं नाही, सर. तो तिथे होता हे सांगणारा त्या काळचा कागद मला मिळाला नाही. सहा जण होते, एवढं मिळालं."

त्यांनी पुढचे पान उलटले.

त्या वर्षी महाशिवरात्रीला मीही गेलो. आबांनी नारळ फोडला. सहाही नावे घेतली, नेहमीच्या क्रमाने. नात शेजारीच उभी होती. गुरे राखणारे ते गृहस्थ गर्दीच्या कडेला होते. तिला पाहून जवळ आले.

"फौजंचं काय घावलं काय गं पोरी?"

"थोडं घावलंय, आजोबा," ती म्हणाली आणि त्यांना घेऊन सावलीत जाऊन बसली.