भूगोलात एम.ए. – पुढे काय?

'भूगोलात एम.ए. करतो,' असं एखाद्या मुलाने घरी सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'बरं, पुढे काय?' आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, 'पृथ्वीवरचं सगळं तर शोधून झालंय, आता तू काय शोधणार?' प्रश्न चेष्टेचा असला तरी नवा नाही. गेली सव्वाशे-दीडशे वर्षं मोठमोठी विद्यापीठंसुद्धा भूगोलाला हाच प्रश्न विचारत आली आहेत.

विद्यापीठात येण्यापूर्वी भूगोल होता तो लष्कराकडे, दर्यावर्द्यांकडे आणि मोजणीदारांकडे. आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाची सुरुवात १७६७ सालची. विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळून देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. साखळ्या आणि जड यंत्रं घेऊन वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. मुंबईत १८३१ साली भूगोलाची एक संस्था निघाली आणि १८७३ मध्ये ती एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली. या मंडळींपैकी कुणाकडेही भूगोलाची पदवी नव्हती. असणार कुठून? तशी पदवीच नव्हती.

या बाबतीत जर्मनी पुढे होता. बर्लिनमध्ये १८२० साली कार्ल रिटर भूगोलाचे प्राध्यापक झाले. १८७४ मध्ये प्रशियाच्या सरकारने आपल्या सगळ्या विद्यापीठांत भूगोलाचं अध्यासन नेमायचं ठरवलं. इंग्लंडला जाग आली ती त्यानंतर. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने जॉन स्कॉट केल्टी यांना पाहणी करायला सांगितलं. त्यांच्या १८८५च्या अहवालातून दिसलं, की युरोपच्या मानाने इंग्लंडमध्ये भूगोलाचं शिक्षण फारच मागे आहे. मग १८८७ मध्ये ऑक्सफर्डने हॅल्फर्ड मॅकिंडर यांना नेमलं, १८९९ मध्ये तिथे भूगोलाची शाळा निघाली. पण पूर्ण पदवी? तिच्यासाठी १९३०चं दशक उजाडावं लागलं. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याच्या सर्वांत जुन्या विद्यापीठाची ही कथा!

एवढा उशीर का झाला? मला वाटतं, खरी अडचण होती ती भूगोलाला कुठल्या पंगतीत बसवायचं ही. नदी, खडक, पाऊस म्हणावं तर तो विज्ञानाकडे जातो. गावं, शेती, व्यापार, स्थलांतर म्हणावं तर तो इतिहास-अर्थशास्त्राच्या शेजारी येऊन बसतो. आजही आपल्याकडे भूगोलाची पदव्युत्तर पदवी एम.ए. म्हणूनही मिळते आणि एम.एस्सी. म्हणूनही. ज्याची दोन घरं, त्याला जेवायला कुणीच बोलवत नाही, तशी ही गत.

या दोन पायांपैकी एकावरच भार टाकला की काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेच्या एलेन चर्चिल सेम्पल १८९१ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला फ्रीडरिश रात्सेल यांच्याकडे शिकायला गेल्या. तिथे स्त्रियांना विद्यार्थी म्हणून नावनोंदणी करता येत नसे. वर्गात मुलांपासून वेगळं बसून त्यांनी व्याख्यानं ऐकली. पदवी मिळाली नाही. पण पुढे त्यांनी शिकागो आणि क्लार्क या विद्यापीठांत शिकवलं आणि १९२१ मध्ये अमेरिकन भूगोलतज्ज्ञांच्या संघटनेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. त्यांचा सिद्धांत मात्र टिकला नाही. निसर्गच माणसाला घडवतो, असा त्याचा रोख होता. आपण 'देश तसा वेश' म्हणतो, पण 'देश तसा मेंदू' म्हणत नाही. सेम्पल यांचा विचार त्या दिशेला झुकला आणि पुढच्या पिढीने तो नाकारला. त्या वादात अमेरिकेत भूगोलाची पतही घसरली.

१९४८ मध्ये तर हार्वर्डने आपल्याकडचं भूगोलाचं शिक्षण गुंडाळायचं ठरवलं. कारणं अनेक होती. पैशाचा प्रश्न होता, माणसामाणसांतले हेवेदावे होते. पण या विषयाचं स्वतःचं असं नेमकं काय, हा प्रश्नही त्यात होताच. गंमत अशी, की त्याच १९४८ मध्ये धारवाडहून प्रा. सी. डी. देशपांडे यांचं पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. तिकडे दार बंद होत होतं, तेव्हा इकडे उघडत होतं.

आणि ते उघडणं किती निकडीचं होतं, हे त्याच्या आदल्याच वर्षी दिसलं होतं. देशाची फाळणी करणारी रेषा आखायला आले सिरिल रॅडक्लिफ. ते नामांकित वकील, पण त्यापूर्वी भारतात कधी आलेले नव्हते. हाती पाचेक आठवडे. पंजाब आणि बंगालच्या दोन्ही आयोगांत त्यांच्या जोडीला प्रत्येकी चार न्यायाधीश. भूगोलाचा अभ्यासक आयोगावर एकही नाही. ओ. एच. के. स्पेट हे भूगोलतज्ज्ञ लाहोरला हजर होते, पण एका पक्षाचे सल्लागार म्हणून. कलकत्त्यात शिबाप्रसाद चटर्जी यांनी १९४७ मध्येच बंगालच्या फाळणीचा नकाशांसह अभ्यास प्रसिद्ध केला.

पंजाबात रेषा आखताना मुख्य आधार होता तो धर्मनिहाय लोकसंख्येचा. नद्या-कालव्यांचा विचार झालाच नाही असं नाही, पण व्हायचं ते झालं. माधोपूर आणि फिरोजपूरची कालव्यांची मुखं भारतात राहिली आणि त्या पाण्यावर पिकणारी कितीतरी शेतं पाकिस्तानात गेली. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाणी थांबवलं आणि भांडण पेटलं. १९६० मध्ये सिंधू जलकरार झाला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने तोही स्थगित ठेवला. भूगोलाचा जाणकार आयोगावर असता तर सगळं सुरळीत झालं असतं, असं मी म्हणणार नाही. फाळणीचा निर्णय राजकीय होता. पण माणसांची शिरगणती एका कागदावर आणि पाण्याची वाट दुसऱ्या कागदावर ठेवली तर काय होतं, याचं इतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. हे दोन कागद एकावर एक ठेवून वाचणं, हेच तर भूगोलाचं काम!

स्वतंत्र भारताला हे कळलं. कलकत्ता विद्यापीठात १९४१ मध्येच भूगोलाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं होतं आणि त्याची धुरा चटर्जींकडे होती. त्यांच्याच नेतृत्वाखाली १९५६ मध्ये राष्ट्रीय अ‍ॅटलास संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी देशाचा अ‍ॅटलास निघाला, तोही हिंदीतून. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं आणि सुरुवातीच्या वर्षांतच तिथे भूगोलाचा विभाग सुरू झाला. १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूगोल परिषद दिल्लीत भरली, तेव्हा जागतिक भूगोल संघटनेचे अध्यक्ष होते चटर्जीच.

आज एम.ए.चा विद्यार्थी स्थलनिर्देशक नकाशे वाचायला शिकतो, समोच्च रेषांवरून उताराचा अंदाज घेतो, उपग्रहाची चित्रं आणि जीआयएस हाताळतो. क्षेत्रभेटीला गेला की विहिरीची खोली मोजतो आणि त्याच ओट्यावर बसून म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारतो, 'आजोबा, बहात्तरच्या दुष्काळात ही आटली होती का?' एक आकडा यंत्राचा, एक आठवण माणसाची. दोन्ही वहीत उतरतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बंधनं बरीच सैल केली. त्यामुळे पूर्वी सरकारी कपाटात असलेलं काम आता खासगी कंपन्यांतही होतं. नोकऱ्या आहेत, पण सगळ्यांना पुरतील एवढ्या नाहीत, हेही खरं.

तेव्हा 'पुढे काय?' याचं उत्तर फक्त नोकरीच्या यादीत शोधू नये. धरण कुठे, रस्ता कुठून, पूररेषा कुठवर, कुठलं गाव उठणार आणि कुठलं राहणार, हे आपल्याकडे रोज ठरत असतं. ते ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी जमीन आणि माणूस एकत्र वाचू शकणारं कुणीतरी बसलेलं असावं. तुमच्या घरातली मुलगी उद्या भूगोलात एम.ए. करते म्हणाली, तर तिला आधी एवढंच विचारा, 'अगं, कुठला भाग निवडलास अभ्यासाला?' आणि ती सांगेल ते नीट ऐका.