अस्सल कोंबडीचा शोध

नृसिंहवाडी म्हटलं की लोकांना दत्ताच्या पादुका आठवतात, कृष्णा-पंचगंगेचा संगम आठवतो, पेढे-बासुंदी आठवते. इथं राहून कोंबडीवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण आमचं घर शिरोळच्या रस्त्याला, मोठ्या अंगणाचं, आणि अंगण आलं की कोंबड्या आल्याच. अम्मी पंधरा-वीस कोंबड्या पाळायची. माझ्या शाळेच्या वह्या अंड्यांच्या पैशातून आल्या, पुढं बी.ए.च्या फीचा काही भागही त्यातूनच निघाला. कवितेनं मला अजून तेवढं दिलेलं नाही.

१९७८-७९ ची गोष्ट असेल. सरकारी योजनेतून घरोघर सुधारित कोंबडे द्यायचं ठरलं. आमच्याकडं आला तो तांबडाभडक, ऱ्होड आयलंड रेड जातीचा. हे असलं अमेरिकेतलं नाव अम्मीला कुठलं उच्चारता येणार! ती त्याला ‘लाल साहेब’ म्हणायची. अट एकच होती, बदल्यात घरचा गावठी कोंबडा द्यायचा. म्हणजे पुढची सगळी पिलावळ सुधारित रक्ताची निघणार. हिशोब बरोबर होता. अम्मीनं एक म्हातारा कोंबडा देऊन टाकला आणि तरणा गावठी डालग्याखाली झाकून ठेवला. सरकारी माणूस गेल्यावर मी विचारलं तर म्हणाली, “राहू दे. नवा कसा निघतो बघू.”

नवा चांगलाच निघाला. त्याच्या पिल्लांतल्या तलंगा अंड्यावर आल्या तेव्हा अंडी मोठी आणि जास्त मिळायला लागली. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देणार, मग खुडूक होऊन बसणार. या बसल्या बसल्या खात नव्हत्या, अंडी देत होत्या. पण त्यातल्या निम्म्या खुडूकच होईनात. अंडी भरपूर, ती उबवायला मात्र कुणी नाही. संकराचा पहिला धडा मी पुस्तकात नाही, आमच्या खुराड्यात शिकलो.

तेव्हा मला वाटायचं, आपली गावठी कोंबडी म्हणजे शुद्ध आणि हा लाल साहेब म्हणजे भेसळ. पुढं वाचत गेलो तसं हे समजूतदार वाटणारं मत ढासळत गेलं. डार्विननं १८६८ मध्ये लिहिलं की जगातली प्रत्येक पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून आली. मोठ्या माणसाचं म्हणणं, ते दीडशे वर्षं जवळपास तसंच टिकलं. मग २००८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी कोंबड्यांची जनुकं तपासली. असंख्य पाळीव कोंबड्यांची कातडी आणि पाय पिवळे असतात, ते पिवळेपण तांबड्या रानकोंबड्याकडून आलेलंच नाही, असं त्यांना दिसलं. ते बहुधा आलं राखी रानकोंबड्याकडून. हा राखी रानकोंबडा फक्त भारतातला. आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात पहाटे जो आरवतो तोच. म्हणजे कधीतरी दोन वेगळ्या जातींचा संकर झाला आणि त्याची खूण आज जगभरच्या कोंबड्यांच्या पायांवर आहे. शुद्ध कोंबडी शोधायला निघालो होतो, सुरुवातीलाच संकर भेटला.

याहून गंमत ‘असील’ या शब्दाची. झुंजीचा उंच, ताठ मानेचा, जाड पायांचा भारतीय कोंबडा म्हणजे असील. शब्द अरबी, अर्थ, चांगल्या मुळाचा, खानदानी. ‘अस्ल’ म्हणजे मूळ. आपला ‘अस्सल’ त्याच मुळातून मराठीत आला. तर हा अस्सल कोंबडा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात कॉर्नवॉल भागात पोचला. तिथल्या हौशी लोकांनी त्याचा इंग्रजी झुंजीच्या कोंबड्याशी संकर केला. झुंजीला तो फार उपयोगी पडला नाही, पण छाती बघावी तर रुंद, मांसानं भरलेली. लोक त्याला ‘इंडियन गेम’ म्हणत, पुढं अमेरिकेत त्याचं नाव ‘कॉर्निश’ झालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धा भरली. लवकर वाढेल, कमी खाईल, छाती भरदार देईल, अशी कोंबडी तयार करणाऱ्याला बक्षीस. १९४८ ची राष्ट्रीय स्पर्धा कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांनी जिंकली. त्यांनी कॉर्निशचा न्यू हँपशायर जातीशी संकर केला होता. न्यू हँपशायर ही निवडीनं घडवलेली ऱ्होड आयलंड रेडच, म्हणजे आमच्या लाल साहेबाची चुलत भावंडं. आज ज्याला आपण ब्रॉयलर म्हणतो त्याच्या बापाकडच्या घराण्यात कॉर्निश आहे, आईकडच्या घराण्यात पांढरी प्लायमाउथ रॉक. हॉटेलात नाक मुरडून ‘आम्हाला बॉयलर नको, गावठी द्या’ म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं. त्या ब्रॉयलरच्या छातीत आपलाच असील आहे. (ब्रॉयलरचं ‘बॉयलर’ मात्र आपण केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.)

भारतात हे रक्त परत आलं ते धंदा होऊन. सरकारनं दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळापासून सुधारित जाती वाटायला सुरुवात केली होती. मुंबईत आरे कॉलनीत केंद्र सरकारचं कुक्कुट पैदास केंद्र झालं, कोल्हापुरातही राज्य सरकारचं अंडी उबवणी केंद्र झालं. पण वारं फिरलं ते १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली तेव्हापासून. अमेरिकेतल्या बॅबकॉक आणि कॉब या कंपन्यांच्या कोंबड्या त्यांनी इथं आणल्या, इथल्या उन्हाला, इथल्या मक्याला जुळवून घेतल्या. पुणं हे या धंद्याचं मोठं ठाणं झालं. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समिती उभी राहिली, कारण तोवर अंड्याचा भाव व्यापारी ठरवायचा आणि शेतकरी ऐकायचा. संडे-मंडेची ती जाहिरात त्याच समितीची. अंडं गरिबाच्या ताटात आलं याचं श्रेय या माणसाला द्यायलाच पाहिजे. अंड्यावरची कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत दोन किलोचा होतो. गावठीला किलोभर व्हायला पाच-सहा महिने लागतात. यापुढं भावनेचं काय चालणार?

पण एक गोष्ट हिशोबात लवकर दिसत नाही. या कोंबड्या दोन नाही, बहुधा चार घराण्यांच्या संकरातून येतात. दोन घराण्यांचा नर, दुसऱ्या दोन घराण्यांची मादी, त्यांचं पिल्लू आपल्या हाती. आपल्या भागात हायब्रीड ज्वारी ज्यांनी पेरली त्यांना समजावून सांगायला नको. पहिलं पीक जोमदार, त्यातलंच बी ठेवून परत पेरलं की कणसं लहानमोठी, ताटं वाकडीतिकडी. कोंबडीचंही तेच. आजी-आजोबांची घराणी ज्याच्या ताब्यात, धंदा त्याच्या ताब्यात. शेतकरी दर वेळी पिल्लं विकत घेणार.

हे मी सोसूनच बोलतो. १९९२ साली, बी.ए. होऊन नोकरी नाही म्हणून मी तीनशे ब्रॉयलर पिल्लं आणली. एका व्यापाऱ्यानं लस टोचलेली म्हणून दिली होती. तीन आठवड्यांत मानमोडी आली. राणीखेत म्हणतात ती. एकशे ऐंशी पिल्लं मी नदीकाठच्या शेतात खड्डा काढून पुरली. उरलेली विकली, त्यातल्या दोन माद्या हट्टानं ठेवल्या, म्हटलं यांच्यापासून घरची जात करू. पोटभर खायला घातलं. पाचव्या महिन्यात त्यांना पायावर उभं राहता येईना. नंतर कळलं, ब्रॉयलरच्या आईबापांना मुद्दाम मोजून, कमी खायला घालतात, नाहीतर ते अंड्यावर येईपर्यंत टिकत नाहीत. पोटच्या भुकेवर त्यांचं आयुष्य तोललेलं असतं. त्या दिवसानंतर मी ‘हायब्रीड पोरं’ हा शब्द कुणाला चिडवायला वापरलेला नाही.

आणि आठवडी बाजारात हिरवी-गुलाबी रंगवलेली पिल्लं बघितलीत ना? मुलं हट्ट करतात, चार दिवसांत ती मरतात. ते बहुतेक अंड्यावरच्या जातीचे नर. अंडी देणार नाहीत, मांस धरणार नाहीत, म्हणून जन्मल्या दिवशीच नको झालेले.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही घर सोडलं. शेजाऱ्याच्या शेडमध्ये करारावरचे ब्रॉयलर होते, ते जागच्या जागी बुडाले. दोन हात उंच उडायचं त्यांच्या अंगातच नव्हतं. आमच्या सात गावठी कोंबड्या अम्मीनं मोकळ्या सोडल्या होत्या. नऊ दिवसांनी परत आलो तेव्हा चार चिंचेवर होत्या. गोष्टीत घालावं असं वाटतं, पण तीन गेल्याच.

त्याच वर्षी इस्लामपूरकडून कडकनाथचं प्रकरण बाहेर आलं. झाबुआची ती काळी कोंबडी, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं होतं. अस्सल देशी, औषधी, अंड्याला अमुक भाव, अशी स्वप्नं दाखवून आपल्या भागातल्या अनेक शेतकऱ्यांकडून पैसे घेतले गेले आणि फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. संकरानं जेवढं बुडवलं नाही तेवढं इथं ‘अस्सल’ या शब्दानं बुडवलं. कोंबडीचा त्यात काय दोष?

मधली वाट काढणारेही आहेत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं गिरिराज काढली, हैदराबादच्या केंद्रीय संस्थेनं वनराज. परसात चरतील, रंगीत पिसांच्या, गावठीहून दुप्पट अंडी देतील अशा. आमच्या गल्लीत आता त्याच दिसतात. मला त्या आवडतात, फक्त त्या खुडूक व्हायचं विसरल्यात.

म्हणून परवा संध्याकाळी पलीकडच्या वस्तीवरच्या वहिनी पदराखाली बारा अंडी घेऊन आल्या. वनराजची. “भाऊजी, तुमची ती काबरी खुडूक आहे म्हणे. एकवीस दिवस द्याल का?” काबरी म्हणजे चिंचेवर राहिलेल्यांतल्या एकीची नात की पणती, हिशोब अम्मीलाच ठाऊक. अम्मी आता ऐंशीच्या पुढं आहे, डोळ्यांना कमी दिसतं. तिनं अंडी एकेक करून कानाशी हलवून बघितली, दोन परत दिली, दहा पाटीत भुश्श्यावर मांडली. मी काबरीला उचलायला वाकलो तर म्हणाली, “हात नक्को लगाव. उनें खुद बैठती.”